पत्तेवाले आप्पा

आप्पा आमच्याकडे पाठ करून बसायचे. म्हणजे मीटिंग त्यांचीच, बोलावलेली त्यांनी, खुर्च्या गोल मांडून घेतलेल्या त्यांनी; आणि ऐन मोक्याच्या वेळी हा माणूस आपली खुर्ची गर्रकन फिरवून भिंतीकडे तोंड करायचा. "निवडा," म्हणायचे. "माझं थोबाड बघून पान काढू नका. माझ्या कपाळावर उत्तर लिहिलेलं नाही." मग आम्ही हातातल्या पत्त्यांतून एकेक पान काढून टेबलावर पालथं ठेवायचो. सगळ्यांचं ठेवून झालं की आमच्यातली हिना टेबलावर टकटक करायची आणि आप्पा पुन्हा आमच्याकडे वळायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, या माणसाला मानेचं काही दुखणं असावं.

आमचं ऑफिस सुरतेत रिंग रोडवर होतं. खाली साड्यांची घाऊक दुकानं, वर आम्ही. व्यापारी, लूमवाले, रंगाईवाले यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. किती कापड रंगायला गेलं, किती परत आलं, मधल्या मध्ये किती घटलं, बिल कुणाच्या नावावर फाडायचं, असला सगळा हिशेब. मी टेस्टिंगला होते, म्हणजे इतरांनी बनवलेलं मोडून दाखवायचं काम. आमचं घर सुरतेच्या कडेला, भेस्तानला. वडील लूमवर, भाऊ इच्छापोरला कॉन्ट्रॅक्टवर. एसीत बसून पगार घेणारी घरातली मी पहिली, आणि आईला त्याचं इतकं कौतुक की शेजारणींना सांगताना ती आधी एसी सांगायची आणि मग माझी डिग्री.

आप्पा आमचे स्क्रम मास्टर. हे काय असतं ते आईला सांगताना माझी पुरेवाट झाली. ते स्वतः प्रोग्रॅम लिहीत नाहीत, कुणाचे साहेबही नाहीत. सगळ्यांना एकत्र बसवून कुठलं काम केवढं आहे ते ठरवून घेतात आणि कुणाचं काही अडलं तर सोडवतात, असं मी सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजे मुकादम शे का?" दुसऱ्या दिवशी मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. "तुझ्या आईला सांग, मुकादमाच्या हातात निदान दांडकं असतं. माझ्या हातात नुसते पत्ते."

पन्नाशी उलटलेले आप्पा आमच्या त्या पोरासोरांच्या ऑफिसात उठून दिसायचे. इस्त्रीचा शर्ट आत खोचलेला, खिशात बडीशेपेची डबी, केस मधोमध विरळ. मूळचे अमळनेरकडचे. तरुणपणी सुरतेत येऊन एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कॉम्प्युटरवर हिशेब लिहायला लागले, मग प्रोग्रॅमिंग शिकले, आणि उतारवयात हे पत्त्यांचं शास्त्र. ऑफिसात गुजराती आणि हिंदी चालायचं, माझ्याशी मात्र ते अहिराणीत बोलायचे. सकाळी लिफ्टमध्ये "काय व माय, जेवन डब्बामा काय शे?" असं कानावर पडलं की मला भेस्तानहून निघालेच नाही असं वाटायचं.

पत्ते ही त्यांची खरी ओळख. आमच्या धंद्यात काम किती मोठं आहे हे आधी ठरवावं लागतं. ते एकानं ठरवून चालत नाही, कारण बोलका माणूस पहिल्यांदा बोलला की बाकीचे माना डोलावतात. म्हणून प्रत्येकाला पत्त्यांचा एक जोड द्यायचा आणि सगळ्यांनी एकदम पान उलटायचं. इतरत्र या पत्त्यांवर आकडे असतात. आमच्याकडेही आधी आकडेच होते. पण आमचे शेठ, म्हणजे कंपनीचे मालक, अधूनमधून काचेतून डोकवायचे, टेबलावर दिसलेल्या आकड्याला कशानं तरी गुणायचे आणि खाली जाऊन गिऱ्हाइकाला तारीख देऊन मोकळे व्हायचे. "व्यापाऱ्याला आकडा दिसला की हात आपोआप गुणाकार करतो, त्याला तो तरी काय करणार," असं म्हणून आप्पांनी एका शनिवारी आकड्यांची पानं कचऱ्यात टाकली. सोमवारी ते नवी पानं घेऊन आले. जाड पुठ्ठा, त्यावर स्वतः चिकटवलेल्या कापडाच्या चिंध्या. सगळ्यात लहान काम म्हणजे रुमाल. त्यावर ब्लाउजपीस. मग साडी. मग ताका, म्हणजे लूमवरून उतरलेला अख्खा तागा. आणि एकट्यादुकट्याला न उचलणारं काम ते गासडी. एक पान त्यांनी कोरं ठेवलं होतं. त्याचा अर्थ होता, "मला माहीत नाही."

सुरुवातीला आम्ही खूप हसलो, मग तीच आमची भाषा झाली. बटणाचा रंग बदलायचा तर रुमाल. नवा रिपोर्ट म्हणजे साडी. हिनाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं घरच्या तयारीचं वर्णन "गासडी, आणि तीही ओली" असं केलं होतं. आप्पांना विचारलं, हे सुचलं कसं, तर म्हणाले, "सुरतेत शेंबड्या पोरालाही साडी आणि ताक्यातला फरक कळतो. मग बाहेरचे आकडे कशाला?" त्यांच्या बोलण्यात असा एक ठसका असायचा, आणि आम्हाला तो आवडायचा.

शेठना मात्र हा प्रकार मुळीच रुचला नाही. एकदा ते थेट आत आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "आप्पा, ए तो कहो, एक साडी एटले केटला दिवस?" एक साडी म्हणजे किती दिवस? आप्पांनी शांतपणे बडीशेपेची डबी पुढे केली. "शेठ, साडी नेसायला किती वेळ लागतो? ते नेसणारीवर आहे. नवी नवरी तास लावते, माझी बायको गॅसवर दूध असताना नेसते." शेठ हसले आणि गेले. तेव्हा आम्हाला वाटलं, आप्पा म्हणजे आमच्या दारात उभी असलेली भिंत आहे. शेठचा पाय त्या भिंतीपलीकडे येणार नाही याची आम्हाला खात्री होती.

पानं उलटली की त्यांचा एकच नियम. "रुमाल आणि गासडी बोलतील, मधले ऐकतील." सगळ्यात लहान पान टाकणारा आणि सगळ्यात मोठं टाकणारा, दोघांनीच बोलायचं. जुन्या बिलांवर कराचा दर बदलायचं काम आलं होतं. धर्मेश आमचा सगळ्यात चलाख प्रोग्रॅमर, त्यानं रुमाल टाकला. मी गासडी टाकली. धर्मेश माझ्याकडे बघून हसला. आप्पांनी त्याला पोटभर बोलू दिलं आणि मग माझ्याकडे वळून नुसते थांबले. त्यांचं ते थांबणं काय वर्णावं! भुवया किंचित वर, हात मांडीवर, आणि जणू जगात दुसरं काही कामच नाही. मी चाचरत सांगितलं की दर बदलला तर परत आलेल्या मालाची जुनी बिलं नव्या दरानं मोजली जातील आणि वर्षभराचे रिपोर्ट फिरतील. धर्मेशनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी गासडी टाकली, धर्मेशनंही. त्या दिवसापासून तो चहाला जाताना मला हाक मारायला लागला.

पण मी आप्पांची झाले ती कोऱ्या पानामुळे. नवी होते तेव्हाची गोष्ट. बँकेशी जोडणी करायचं काहीतरी काम होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी साडी टाकली, कारण मधलं पान टाकलं की कुणी काही विचारत नाही. मीटिंग संपल्यावर आप्पांनी मला थांबवलं. "ती साडी तुझी नव्हती व माय. तू भिऊन मधे जाऊन बसलीस." माझे कान तापले. ते म्हणाले, "काब्रं घाबरस? माले माहीत नही, आसं म्हनाले लाज कसानी? मी हे कोरं पान उगाच नाही ठेवलं. ज्या खोलीत कोरं पान पडत नाही, त्या खोलीत सगळे खोटं बोलताहेत असं मी समजतो." शाळेपासून कॉलेजपर्यंत, माहीत नाही म्हटलं की छडी किंवा हशा एवढंच मला ठाऊक होतं. हा पहिला माणूस, जो म्हणाला की त्यातही अब्रू आहे. पुढच्या मीटिंगला बँकेचंच उरलेलं काम आलं तेव्हा मी कोरं पान टाकलं. आप्पांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "आज खरं बोलणारं एक माणूस आहे खोलीत," आणि मग ज्याला ते काम येत होतं त्याच्याकडून त्यांनी मला सगळं समजावून दिलं.

मग मला त्याची सवयच लागली. जे माहीत नाही तिथे कोरं, जे मोठं वाटतं तिथे गासडी. कुणाच्या तोंडाकडे बघणं सोडून दिलं. आणि असं बोलता यायचं त्याला कारण आप्पांचा शब्द. प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला ते दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "कुणी कुठलं पान टाकलं, ते या खोलीतलं खोलीत. बाहेर जाईल तो फक्त सगळ्यांचा मिळून ठरलेला अंदाज. नाव जाणार नाही." हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी आम्हीच त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागलो. संपल्यावर डबी फिरायची, प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप.

आमच्या घरातलं सगळं त्यांना माहीत होतं. बाजारात मंदी आली, लूम अर्धा आठवडा बंद राहायला लागले, त्यातच वडिलांचा गुडघा गेला आणि त्यांचं उभं राहणं संपलं. भावाचं काम कॉन्ट्रॅक्टचं, आज आहे तर उद्या नाही. घर माझ्या पगारावर आलं. हे मी हिनालाही सांगितलं नव्हतं, आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नेहमीसारखं, मधे एक शब्द न बोलता. मग म्हणाले, "तू कामाची काळजी करू नको. मी आहे ना." आज हे लिहितानाही त्या तीन शब्दांशी येऊन माझा हात अडतो. मी त्या शब्दांवर घर चालवत होते.

पहिली ठिणगी अगदी गमतीनं पडली. शेठ माझ्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "केम बेन, गांसडी छूटी के नहीं?" काय ताई, गासडी सुटली की नाही? आम्ही हसलो. गासडी हा शब्द ऑफिसभर झालाच होता. मग धर्मेशला एकदा गिऱ्हाइकासमोर ते म्हणाले की हा आमचा मुलगा सगळ्याला रुमाल म्हणतो आणि मग महिनाभर धूत बसतो. ते ज्या कामाबद्दल बोलले, त्याला धर्मेशनं खरंच रुमाल टाकला होता, पण पहिल्या फेरीत. दुसऱ्या फेरीत त्यानं पान बदललं होतं. पहिल्या फेरीतलं पान खोलीबाहेर कुणाला कळायचं कारणच नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं.

मग कुजबुज सुरू झाली. कुणीतरी आतलं बाहेर नेतंय. संशय गेला तो धर्मेशवरच. शेठचा पुतण्या आमच्याच मजल्यावर बसायचा आणि धर्मेश त्याच्याबरोबर जेवायचा, एवढा पुरावा सगळ्यांना पुरला. बाहेर गेलेलं पान तर धर्मेशचंच होतं, स्वतःचंच नाव कोण सांगेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. एका मीटिंगमध्ये हिनानं ते बोलूनच टाकलं. "अपने यहाँ का कोई ऊपर जाके बोलता है, और वो यहीं बैठा है." ती धर्मेशकडेच बघत होती. धर्मेशचं तोंड लाल झालं. त्यानं आप्पांकडे पाहिलं, आम्ही सगळ्यांनीच पाहिलं, कारण असल्या वेळी बोलायचं काम त्यांचं. आप्पा थोडा वेळ पत्त्यांचा जोड टेबलावर ठोकून सारखा करत राहिले. मग म्हणाले, "चला, पुढचं काम घेऊ." मला वाटलं, केवढा मोठा माणूस, पोराची लाज राखतोय.

त्या पावसाळ्यात कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक तुटलं आणि माणसं कमी करायची हवा सुरू झाली. शेठनं एकेकाला केबिनमध्ये बोलवायला सुरुवात केली. माझी पाळी आली तेव्हा मी गेले ती तशी निर्धास्तच. माझं काम चांगलं होतं, मी मोडून दाखवलेल्या चुकांमुळे गिऱ्हाइकांच्या शिव्या वाचल्या होत्या, आणि आत आप्पा बसलेले होते. त्यांना पाहून मला बरं वाटलं. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

शेठ गोड माणूस. त्यांनी पाणी मागवलं, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली. मी गुडघ्याचं शेठना कधी सांगितलं होतं, हे आठवायला लागले. तेवढ्यात ते म्हणाले, "कविताबेन, तमने तो बधुं गांसडी ज लागे छे." तुम्हाला सगळं गासडीच वाटतं. आणि मग एकामागून एक. अमुक कामाला सगळ्यांनी साडी टाकली तेव्हा तू ताका. तमुक कामाला तू गासडी. "पेला बेंकना काममां तो तमे कोरुं पत्तुं ज मूक्युं हतुं ने? पछी पण केटली वार कोरुं." बँकेच्या कामात कोरं टाकलंत आणि त्यानंतरही असं किती वेळा कोरं टाकलं, हेच त्यांना विचारायचं होतं. ज्याला काम येतं तो कोरं पान कशाला टाकेल, असं त्यांचं सरळ व्यापारी गणित होतं. शेठ बोलत होते आणि मला त्यांच्या तोंडून आमची खोली ऐकू येत होती. माझे स्वतःचे शब्द, "मला यातलं काही कळत नाही, मला भीती वाटते," हेसुद्धा, गुजरातीत होऊन.

मी आप्पांकडे पाहिलं. ते एसीच्या रिमोटकडे बघत होते. "शेठ, जरा कमी करू का? बेनला थंडी वाजत असेल," असं म्हणून त्यांनी रिमोट उचलला.

मी शेठना म्हणाले, आणि माझा आवाज कसा फुटला कुणास ठाऊक, की माहीत नसेल तर कोरं पान टाकायचं हे मला आप्पांनीच शिकवलं. विचारा त्यांना, ते इथेच आहेत. शेठ आप्पांकडे वळले. मला अजूनही वाटत होतं की आता हा माणूस बोलेल. दुधावरची साडी सांगितली तसलं काहीतरी ठसकेबाज बोलेल आणि शेठ हसतील आणि मी उठून जागेवर जाईन. आप्पांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "में तो कह्युं हतुं, क्यारेक ज मूकवुं." मी तर सांगितलं होतं, कधीतरीच टाकायचं. माझ्यादेखत, माझ्या शेजारी बसून, आणि गुजरातीत. ज्या माणसानं लिफ्टपासून जेवणाच्या डब्यापर्यंत माझ्याशी दुसरी भाषा वापरली नव्हती, त्यानं मला खाली ढकलायला शेठची भाषा घेतली.

महिन्याचा पगार देऊन मला मोकळं केलं. कुणी रडलं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. खाली रस्त्यापर्यंत सोडायला आला तो एकटा धर्मेश. रिक्षा मिळत नव्हती, म्हणून उभे होतो. मी त्याला म्हणाले, "आप्पा थे." तो म्हणाला, "पता है मेरेको. मैं नहीं था, तो और कौन बचा? जो पत्ता सबका देखता था, वही ना." मग तू बोलला का नाहीस, असं मी विचारलं. "किसको बोलता? कोई मानता क्या?" तो म्हणाला. "तू मानती?" मी नसतंच मानलं. आप्पांच्या विरुद्ध कुणी देवाची शपथ घेतली असती तरी मी नसतं मानलं.

घरी आईला सांगायला मला आठवडा लागला. रोज डबा घेऊन निघायचे आणि उधन्याला एका ओळखीच्या मुलीच्या घरी बसून अर्ज करत राहायचे. पगाराची चिंता होतीच, ती झोपू देत नव्हती. पण खरं सांगू? त्याहून जास्त जळत होतं ते दुसरंच. मी रात्रंदिवस आठवत होते, अजून काय काय सांगितलं आपण त्या माणसाला. कोण कोण नातेवाईक, कुणाचं काय दुखणं, मला कशाची भीती वाटते. चोरानं घर फोडल्यावर माणूस काय गेलं ते बघत फिरतो, तसं माझं झालं होतं. आणि इथे तर दार मीच उघडून दिलं होतं, चहाही मीच पाजला होता.

नंतर अडाजणला दुसऱ्या कंपनीत लागले. काम तेच, पगार थोडा जास्त. आता तिथे पत्त्यांची मीटिंग घ्यायचं काम माझ्याकडे आहे आणि मी ते बरं करते असं लोक म्हणतात. करणारच. मी कुणाकडून शिकले! रुमाल आणि गासडीला बोलू द्यायचं, मधल्यांनी ऐकायचं, गप्प बसलेल्याकडे बघून नुसतं थांबायचं, हे सगळं त्यांचंच. त्यांच्यावर दात धरून असताना तोंडातून त्यांचंच वाक्य निघतं तेव्हा फार चिडचिड होते. शिकवण चांगली होती, हीच तर चीड आहे. वाईट माणसानं वाईट शिकवलं असतं तर विसरून गेले असते.

यंदा श्रावणात, घरात आमची खानदेशची देवी कानबाई बसवली होती त्याच्या दुसऱ्या दिवशी, आप्पा आमच्या घरी आले. विसर्जन होऊन गेलं होतं, गल्लीत गुलाल पडलेला, घरात पाहुण्यांचं आवरणं चाललेलं. दारात इस्त्रीचा शर्ट बघून माझ्या हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. आईला मी एवढंच सांगितलं होतं की कंपनीनं माणसं कमी केली. आप्पांचं तिला काही माहीत नव्हतं. ती हरखून गेली. "बठा आप्पा, बठा. चहा ठेवस." आणि आत गेली.

आप्पा वाळले होते. त्यांनाही काढलं होतं. शेठनं नवं सॉफ्टवेअर घेतलं म्हणे, जुन्या कामांवरून तेच सांगतं की नवं काम केवढं. "आता माणसं बसवायची गरजच नाही. दिवससुद्धा तेच सांगतं," असं म्हणून ते हसले, पण ते हसू काही जमलं नाही. माझ्या कंपनीत काही होईल का, हे विचारायला आले होते. ते त्यांनी दोन वाक्यांत विचारलं.

मी कितीतरी भांडणं मनात पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी फक्त विचारलं, "आप्पा, का केलंत?"

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं मी त्यांना देते. चष्मा काढून पुसला. "शेठ रोज विचारायचे, तुम्ही स्वतः तर काही लिहीत नाही, मग तुमचा पगार कशाचा? एक दिवस मी त्यांना सांगितलं, मला प्रत्येकाचं आतलं माहीत आहे. त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं." मग खाली बघत म्हणाले, "मी घाबरी गऊ व माय."

मला त्यांची दया आली. हो, आली. पन्नाशीचा माणूस, समोर पोरीच्या वयाची मी, आणि घाबरलो म्हणताना त्यांचा आवाज खरा होता. त्यांच्याविरुद्ध दोन वर्षं धरलेलं मनातलं काहीतरी सैल पडायला लागलं. आईनं चहा आणला, कानबाईच्या नैवेद्याच्या कालच्या रोटाचा तुकडा आणला. आप्पांनी कप हातात घेतला, एक घोट घेतला, आणि अगदी पूर्वीसारखं, भुवया किंचित वर करून, हात मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "मग, तुझी नवी टीम कशी आहे? कोण कोण आहे?" आणि थांबले.

माझं तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं. आमच्याकडे एक मुलगी आहे, फार हुशार पण बोलायला भिते. एकाचं घरी बरं चाललेलं नाही आणि तो कुणाला सांगत नाही. मलाच हल्ली रात्री झोप लागत नाही. सगळं जिभेवर आलं होतं. दोन वर्षांत कुणी मला असं विचारलं नव्हतं, असं विचारून कुणी थांबलं नव्हतं.

"सगळे चांगले आहेत," मी म्हणाले.

आप्पा माझ्याकडे पाहत राहिले. कुणी भिऊन मधे जाऊन बसलं की ते त्यांना लगेच कळायचं, तसं ते आताही कळलं. त्यांनी कप खाली ठेवला, चहा अर्धा राहिला. नोकरीचं पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही. ते उठले, आईला माझा नमस्कार सांग म्हणाले, चपला घातल्या. वडीलधारं माणूस निघालं की गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जायचं असतं. मी उंबऱ्याशीच उभी राहिले.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "आप्पा गयात का? तुले शिकाडं ना त्यासनी?" मी हो म्हणाले आणि न्हाणीत जाऊन दार लावून घेतलं. नोकरी गेली होती, ती दुसरी मिळाली. वडिलांचा गुडघाही आता बरा आहे. पण त्यांच्यासारखं ऐकून घेणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही, आणि उद्या भेटलं तरी मी त्याच्यापाशी बोलणार नाही. नळ सोडून मी बराच वेळ रडले, आणि बाहेर येऊन आईला सांगितलं की डोळ्यांत गुलाल गेला होता.